बारा माणसं, चार पलंग

ऑडिशनला मला विचारलं, ‘घरोबा’च्या घरात तुम्हाला कशासाठी यायचंय? माझ्या आधीच्या पोरीनं स्वतःला सिद्ध करायचंय असं सांगितलं होतं. तिच्या आधीच्या माणसानं महाराष्ट्राचं प्रेम मिळवायचंय असं. मी म्हटलं, झोपायला. टेबलामागचे तिघंही हसले आणि त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली. बाई विनोदी आहे, चालेल, असं त्यांना वाटलं असणार. मी अजिबात विनोद करत नव्हते.

मी पिंकी ओव्हाळ. वय एकतीस. चाकणला गाड्यांच्या वायरिंगची एक कंपनी आहे, तिथे नऊ वर्षं क्वालिटीत आहे. राहायला पिंपरीत, दोन खोल्यांत. घरात आई भिमाबाई, वडील खंडू, भाऊ विक्की, त्याची बायको, त्यांची दोन पोरं आणि मी. पलंग दोन. पप्पा रात्रपाळीहून आले की मी उठायचे आणि माझ्याच उबेत ते आडवे व्हायचे. संध्याकाळी ते उठायचे आणि त्यांच्या उबेत विक्की. आमच्या घरातली गादी कधी गार पडलेली मी पाहिली नाही.

कामगारांची वस्ती असल्यामुळे आमच्या गल्लीत एक कायदा होता, कोणी लिहिलेला नाही पण सगळे पाळायचे. दुपारी बंद दाराबाहेर कंपनीचे बूट दिसले की आत रात्रपाळीचा माणूस झोपलाय असं समजायचं आणि तिथून जाताना सायकलची घंटीसुद्धा वाजवायची नाही. घरात तर विचारूच नका. आई भांडी फडक्यावर पालथी घालायची. मला आणि विक्कीला हसू आलं तर चादरीत तोंड खुपसून हसायचं. पाढे पाठ करायचे ते ओठ हलवून. शाळेत मी कविता म्हणायला उभी राहिले तेव्हा बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं की पोरीचा घसा एकदा डॉक्टरला दाखवा.

हे सगळं पप्पांसाठी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी तेहतीस वर्षं मशिनवर काढली. पण आता ते रिटायर आहेत आणि पाळ्या मला लागतात. दोन वर्षांपासून आम्हा बायकांनाही रात्रपाळी आहे. मी सकाळी घरी येऊन पडते तेव्हा मिक्सर चालू असतो, पोरांचं कार्टून चालू असतं आणि पप्पा गावाकडच्या पाहुण्यांशी फोनवर बोलत असतात. मशिनच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, त्यामुळे त्यांचं बोलणं पाहुण्यांना फोनशिवायही पोचावं. पुरुष दिवसा झोपला तर तो दमलेला असतो. बाई दिवसा झोपली तर शेजारीण विचारायला येते, बरं नाही का? आणि ते विचारायला तुम्हाला उठवते. मी भांडले नाही असं नाही, भांडण्यात मी कोणाला ऐकत नाही. पण भांडून झोप येत नाही, असलेली जाते.

म्हणून मला एक पलंग हवा होता. माझा एकटीचा, अठ्ठावीस दिवस. जिंकणाऱ्याला मोटार मिळणार होती. ती मला नको होती, मला चालवता येत नाही आणि आमच्या गल्लीत ती शिरलीही नसती.

‘घरोबा’ मोबाइलच्या अ‍ॅपवर दिसायचं. त्याचं घर चाकणच्या कांदा मार्केटच्या मागे एका बंद पडलेल्या शेडमध्ये होतं. मुंबईहून आलेल्या लोकांनी शेडच्या आत प्लायवूडचं घर उभं केलं होतं. हॉल गुलाबी, स्वयंपाकघर पोपटी, सोफा ओठांच्या आकाराचा. त्यावर बसलं की कोणाच्या तरी तोंडात बसल्यासारखं वाटायचं. खिडकी नाही, घड्याळ नाही, दिवे चोवीस तास चालू. सगळीकडे कॅमेरे. हॉलच्या छताला एक मोठा स्पीकर होता, त्यातून ‘मालक’ बोलायचा. मालकाचा आवाज भारदस्त होता. खरं म्हणजे तो शेखर नावाचा डायरेक्टर होता. ऑडिशनला टेबलामागे बसलेल्या तिघांपैकी एक. तेव्हा त्याचा आवाज साधाच होता.

माणसं बारा आणि पलंग चार. हे मोजणीत चुकलेलं नव्हतं, ठरवून केलेलं होतं. मालकानं पहिल्याच दिवशी नियम सांगितला की पलंग सोडून दुसरीकडे कुठेही कोणाचा डोळा लागला तर त्याच स्पीकरमधून भोंगा वाजेल. म्हणजे आठ जणांनी जागं राहायचं, नाहीतर चौघांना ओढून काढायचं. याखेरीज एक खास खोली होती. आत एकच रुंद पलंग, पांढरीशुभ्र चादर, आणि दाराला आतून कडी. तिला कुलूप लावलं होतं. ती कोणाला द्यायची ते मालक मागाहून ठरवणार होता. मी तिच्या काचेच्या झरोक्यातून एकदा आत पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं, जीव उगाच खालीवर होतो.

पलंग पकडायची शर्यत लागली तेव्हा मी दुसरी आले. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा धरायची नऊ वर्षांची सवय आहे, प्लायवूडच्या दाराला मी काय ऐकते. पहिला आला मालोजी. हा भोसरीचा साउंडवाला, वरातीला आणि जयंतीला ट्रकभर स्पीकर लावणारा. गेल्या जयंतीला याच्याच आवाजानं आमच्या पत्र्यावरची पाण्याची टाकी सरकली होती. तो पलंगावर आडवा पडला आणि पलंग कण्हला. ज्यांना पलंग मिळाला नाही त्यांत तेजस्विनी होती, निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यातली, चोवीस वर्षांची, रील करणारी. तिच्या घरी तिला वेगळी खोली, तिच्या कुत्र्यालाही वेगळी खोली. आणि कस्तुराताई होत्या. चाकणजवळच्या गावच्या, छप्पन्न वर्षांच्या. घरची जमीन कंपन्यांत गेली, मुलांनी हॉटेलं टाकली, आणि ह्या गावोगावच्या सगळ्या पैठणीच्या स्पर्धा जिंकून आता इथे आल्या होत्या. बाकीच्या आठ जणांची नावं सांगत बसत नाही. चांगली माणसं होती, पण गोष्ट लांबेल.

पहिली रात्र मला पलंग होता आणि झोप नव्हती. भोंगा अकरा वेळा वाजला. कोणी कोणाची उशी ओढली, कोणी कोणाचं खानदान काढलं, तेजस्विनी रडली, मालोजी गरजला. मालकाला आनंद झाला असावा, कारण दुसऱ्या दिवशी जेवायला आइस्क्रीम आलं.

दुसऱ्या रात्री कस्तुराताई माझ्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांची कंबर धरलेली होती. त्या मला काही म्हणाल्या नाहीत, जागा मागितली नाही, नुसत्या बसून राहिल्या. मान खाली पडली की भोंगा. पुन्हा ताठ. पुन्हा मान, पुन्हा भोंगा. मी भिंतीकडे तोंड केलं. मला त्यांचा रागच आला. तोंडानं मागितलं असतं तर तोंडावर नाही म्हणता आलं असतं. शेवटी मी उठले आणि त्यांना म्हटलं, पडा इथे. पुण्य मिळवायला नाही सांगितलं. बाजूला बसून बाई भोंगे वाजवत असेल तर मला कुठली झोप?

मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. तेवढ्यात पत्र्यापलीकडून ओळखीचा आवाज आला. एकामागून एक बस, गिअर बदलत, खड्ड्यात आदळत. कंपन्यांच्या बसगाड्या. पहिली पाळी आत चालली होती, म्हणजे सकाळचे साडेसहा. मुंबईच्या शहाण्यांनी घड्याळं काढून नेली, खिडक्या बुजवल्या, पण चाकणमध्ये शेड घेतली. इथे दिवसातून तीन वेळा रस्ताच वेळ सांगतो. साडेसहा, तीन आणि रात्री साडेअकरा.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्या घरात रात्र आहेच कुठे? दिवे सारखेच चालू. सगळ्यांनी एकदम झोपायचं असं मालकानं सांगितलेलं नाही. बारा माणसं, चार पलंग, तीन पाळ्या. कोण म्हणतं पलंग कमी आहेत?

कागद-पेन त्या घरात बंद होतं. मी कणकेचा रिकामा पुडा उकलला आणि तेजस्विनीच्या काजळाच्या पेन्सिलीनं त्याच्या मागच्या बाजूला तक्ता मांडला. झोपेची पहिली पाळी, दुसरी, तिसरी. प्रत्येकात चार नावं. गादी सगळ्यांची, चादर आणि उशीची खोळ ज्याची त्याची. उठताना आपली चादर काढून न्यायची, गादी झटकायची आणि पुढच्याला हात लावून उठल्याचं सांगायचं. बसचा आवाज आला की पाळी बदलली. कंपनीत मी रोज असे तक्ते भरते, पाच मिनिटांचं काम.

मालोजी ऐकेना. त्याचं म्हणणं, मी शर्यत जिंकलोय, माझा पलंग मी का सोडू? मी त्याला म्हटलं, पहिल्या रात्री तुम्ही किती झोपलात ते सांगा. तो मान खाजवायला लागला. तेजस्विनीला दुसऱ्याच्या गादीवर झोपायची कल्पनाच किळसवाणी वाटत होती. शेवटी कस्तुराताईंनी तोड काढली. माझ्या पलंगावर चार तास झोपून त्यांचा चेहरा जरा माणसांत आला होता.

“आवं, पाटाचं पानी आमी पाळीनंच घेत आलो,” त्या म्हणाल्या. “समद्यांनी एकदम दारं धरली तर कुनाचंच भिजत न्हाई.”

असा तक्ता फ्रिजवर चिकटला.

पहिल्या दिवशी थोडी गडबड झाली, दुसऱ्या दिवशी घडी बसली. आणि मग एक गोष्ट आपोआप झाली, जी मी तक्त्यात लिहिली नव्हती. घरात कोणत्याही वेळी चार माणसं झोपलेली असायची, त्यामुळे उरलेली आठ जण हळू बोलायला लागली. मी फक्त पहिल्यांदा एकदा तोंडावर बोट ठेवलं होतं. माझ्या अंगातच ते आहे. त्यानंतर सगळेच एकमेकांना बोट दाखवायला लागले. तेजस्विनी आणि एक जण दह्यावरून अर्धा तास भांडले, पण कुजबुजत. कुजबुजत भांडून बघा तुम्ही. राग घशापर्यंत येतो आणि तिथे त्याला हसू फुटतं. शेवटी दोघांनी मिळून त्या दह्याची कढी केली.

बाथरूमची रांग संपली. ओट्यावरची ढकलाढकली संपली. ज्यांची जागायची वेळ मध्यरात्री यायची ते निवांत भाजी निवडत बसायचे. मालोजीला कुजबुजायला येत नव्हतं, जन्मात कधी वेळ आली नव्हती. कस्तुराताईंनी त्याला शिकवलं. त्याचं कुजबुजणं शेजारच्या खोलीत ऐकू जायचं, पण माणूस मनापासून प्रयत्न करत होता. मालकानं ओरडायचे खेळ दिले, दोन गट करून एकमेकांचे दोष सांगायचे वगैरे. आम्ही सांगितले. हळू आवाजात सांगितलेला दोष सल्ल्यासारखा लागतो. मालकानं मोठ्यानं बोलायचा हुकूम केला की आम्ही एक वाक्य मोठ्यानं म्हणायचो आणि झोपलेल्यांपैकी कोणी कूस बदलली तर जाऊन सॉरी म्हणायचो.

तेजस्विनी आणि मी एकाच पाळीत जाग्या असायचो. चहा करता करता तिनं मला एकदा विचारलं की दुसऱ्याच्या उबेत झोप येते कशी? मग मी तिला आमचं घर सांगितलं. बंद दाराबाहेरचे बूट, फडक्यावरची भांडी, घशाचा डॉक्टर. पप्पांसाठी सगळी गल्ली कशी गप्प व्हायची ते सांगितलं. तिनं विचारलं, आणि तुझ्यासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी मिक्सर. ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

सगळं असं गोड चाललं होतं आणि मला मात्र आतून चरचरत होतं. आता सांगायला लाज नाही. मी आले कशासाठी आणि बसले कुठे? माझा पलंग गेला होता, माझ्याच हातानं गेला होता. माझी पाळी मालोजीनंतर यायची. तो उठला की त्याची ऊब एवढी की गादीला ताप आलाय असं वाटावं. सात तास झाले की पुढचा माणूस चादर घेऊन दारात उभा. जागा सोडताना मी रोज हसून सोडायचे आणि रोज मनात म्हणायचे, पिंकी, पिंपरीहून चाकणला आलीस आणि पुन्हा तेच.

बाराव्या दिवशी मालकानं मला आतल्या खोलीत बोलावलं. तिथे एक खुर्ची, एक कॅमेरा आणि एक छोटा स्पीकर होता. एकट्यानं मन मोकळं करायची ती जागा. स्पीकरमधून भारदस्त आवाज आलाच नाही, शेखरचा साधा आवाज आला, आणि तो थकलेला होता. त्यानं सांगितलं की पाहणारे निम्मे झालेत. लोक तक्रार करतात की अ‍ॅपचा आवाज बिघडलाय. काहींनी मोबाइल दुरुस्तीला नेले. एका बाईंनी मात्र कळवलंय की त्यांचं बाळ हा कार्यक्रम लावला की छान झोपतं. मला हसू आलं. त्याला येत नव्हतं. त्याचीही कुठे तरी वरती पेशी चालू असणार, मला त्याची थोडी दया आली.

“पिंकी, तुला झोपायलाच यायचं होतं ना?” तो म्हणाला. “खास खोली तुझी. उरलेले सगळे दिवस. तो पुडा तेवढा सगळ्यांसमोर फाड आणि इथून पुढे ज्याचा त्यानं पलंग बघावा म्हणून सांग.”

“कडी आतून आहे ना?” मी विचारलं.

“आतून.”

नाही म्हटलं तर काय, तेही मी विचारलं. तो म्हणाला की येत्या रविवारपासून माणसं काढायला सुरुवात होणार आहे, मग पहिली तूच. मी विचार करायला वेळ मागितला, आणि मागता मागताच मला कळलं की मी हो म्हणणार आहे. गोष्टीतली माणसं अशा वेळी बाणेदार उत्तर देतात. मी दोन वर्षांत पोटभर झोपलेली नव्हते.

पण चोरून करायचं नाही एवढं मी ठरवलं. हॉलमध्ये आले, जे जागे होते त्यांना गोळा केलं आणि जे ठरलं ते जसंच्या तसं सांगितलं. मला खोली देतायत, मी घेतेय, त्याबद्दल हे फाडायचंय. एवढं बोलून मी फ्रिजवरचा पुडा ओढला आणि त्याचे चार तुकडे केले. बाहेर साडेअकराच्या बसगाड्या चालल्या होत्या.

तेजस्विनीचा चेहरा लालेलाल झाला. “तू आम्हाला विकलंस,” ती म्हणाली, आणि हे तिनं मोठ्यानं म्हटलं. दहा दिवसांत त्या घरात कोणाचा आवाज चढला नव्हता. भिंतींनाही तो नवीन वाटला. झोपलेले चौघं डोळे चोळत बाहेर आले. ती आणखी बरंच बोलली. मी ज्यांच्याकडून शांत राहणं शिकले म्हणून सांगितलं होतं त्या लोकांना काय वाटेल, असंही बोलली, ते मला फार लागलं. मालोजी खाली वाकून पुड्याचे तुकडे गोळा करत होता.

“जाऊ दे तिला,” कस्तुराताई म्हणाल्या. “तिला झोप हवी हुती. तिनं ते कवा लपिवलं न्हाई.”

खास खोलीचं कुलूप खटकन उघडलं. मी आत गेले, कडी लावली आणि त्या पांढऱ्या चादरीवर बसले. चादर गार होती. एवढी गार गादी मला माहीतच नव्हती. मला लाज वाटत होती, तेजस्विनीचं बोलणं कानात वाजत होतं, आता बाहेर पुन्हा उशा ओढल्या जाणार, भोंगे वाजणार, कस्तुराताई खुर्चीत बसणार, हे सगळं दिसत होतं. अशा मनानं झोप लागली नाही असं लिहायला पाहिजे. खोटं कशाला सांगू? लागली. पाय सोडले आणि दगडासारखी गेले.

जाग आली तेव्हा आधी काही कळेना. कोणी हलवलं नव्हतं, कोणी चादर घेऊन दारात उभं नव्हतं. आपली आपण जाग आली होती. हे मला शेवटचं कधी झालं होतं ते आठवेना. अंग हलकं झालं होतं, मान दोन्ही बाजूंना वळत होती. मग पत्र्यापलीकडून बसगाड्या ऐकू आल्या आणि मी हिशोब केला. मध्ये साडेसहाच्या गाड्या येऊन गेल्या असणार, त्या मला ऐकूच आल्या नाहीत. ह्या तीनच्या होत्या. मी पंधरा तास झोपले होते.

आणि बाहेर काहीच आवाज नव्हता.

मला वाटलं कार्यक्रम बंद पडला, सगळ्यांना घरी पाठवलं, आणि कडी आतून असल्यामुळे मी राहिले. दुसरं काय वाटणार? त्या घरात पंधरा तास भांडण व्हावं म्हणून तर मला ही खोली दिली होती. मी अनवाणी उठले आणि कडी काढली. दार आत ओढल्याबरोबर एक माणूस पाठीवर माझ्या पायांशी कलंडला.

तेजस्विनी होती. दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेली. डोळे तांबारलेले. तिनं वर न पाहता आधी ओठांवर बोट ठेवलं, मग पाहिलं आणि बोट काढलं.

मी हॉलकडे पाहिलं. मालोजी दोन खुर्च्या एकमेकींवर ठेवून वर चढला होता आणि एका पलंगाची गादी दोन्ही हातांनी छताच्या स्पीकरला दाबून धरून उभा होता. स्पीकरला काय केलं की आवाज मरतो हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? त्याचे दंड थरथरत होते. दोघं जण खाली खुर्च्या धरून होते. गादीच्या मागून मालकाचं काही तरी चाललं होतं, पण ते रजईत तोंड घालून बोलल्यासारखं येत होतं. ओट्याशी कस्तुराताई उघड्या पातेल्यात डाळ शिजवत होत्या. कुकर बाजूला तसाच होता. शिट्टी होऊ नये म्हणून त्यांनी लावलाच नव्हता, आणि उघड्यावर डाळ शिजायला किती वेळ लागतो ते स्वयंपाक करणाऱ्याला विचारा. फ्रिजवर कणकेच्या पुड्याचे चार तुकडे भाताच्या शितांनी जोडून चिकटवलेले होते. बाकीची माणसं पायांत मोजे घालून इकडून तिकडे जात होती.

“काय झालं?” मी विचारलं. तिच्यासारखंच, नुसत्या श्वासानं.

“सकाळपासून तुला उठवायला भोंगा वाजवतायत,” तेजस्विनी म्हणाली. “त्यांना तुझं नि माझं भांडण पाहिजे, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, पिंकी झोपलीय, ती उठली की बघू.”

“तू रागावली होतीस.”

“आहेच. पण ते उठल्यावर.”

मला एकदम भरून आलं आणि मी ते आवरलं नाही. एकतीस वर्षांत मी किती जणांच्या झोपेसाठी गप्प बसले असेन, त्याची मोजदाद नाही. त्यात मला वाईट वाटायचं नाही, ते अंगवळणी पडलं होतं. पण उलट दिशेनं असं काही येतं, हे मला माहीत नव्हतं. मी दाराची चौकट धरली. कस्तुराताईंनी ओट्यापासून डाव हलवून विचारलं, काय झालं गं? मी मान हलवली, काही नाही.

मालोजीला मी खाली उतरायची खूण केली. त्यानं नको म्हणून मान हलवली आणि गादी आणखी वर दाबली. त्याच्या तोंडावर असा भाव होता की आयुष्यात पहिल्यांदा आपण साउंडचं काही तरी नीट काम करतोय.

“अजून झोपायचंय तुला?” तेजस्विनीनं विचारलं. विचारताना तिला स्वतःलाच मोठी जांभई आली.

माझ्या डोळ्यांत झोपेचा कणही उरला नव्हता. एवढी ताजी मी शाळा सुटल्यापासून नव्हते. हिच्याशी भांडायचं बाकी होतं, माफी मागायची होती, डाळीला फोडणी द्यायची होती, रविवारी मला घरी पाठवलं तर म्हणून बॅग भरायची होती. आणि हिला आत घेऊन हा रुंद पलंग दाखवायचा होता. तो दोघींना सहज पुरला असता. सगळं करायचं होतं. पण पंधरा तास खपून ह्या लोकांनी एवढी शांतता जमवली होती, ती अशी अर्ध्यात टाकून कशी द्यायची?

“अजून थोडा वेळ,” मी म्हटलं. “तूही चल.”

तिनं भिंतीला हात लावून स्वतःला उठवलं, आत आली आणि पडल्या पडल्या झोपली. मी दार लोटलं, कडी लावली नाही. तिच्याशेजारी उताणी झाले, हात पोटावर घेतले आणि डोळे उघडे ठेवून, बाहेरची दहा माणसं आम्हा दोघींसाठी गप्प आहेत, ते ऐकत पडून राहिले.